पोस्ट टाकल्यानंतरचे नव्वद दिवस

पहिला फोन एचआरचा नसतो. टीममधल्याच कुणाचा तरी असतो. "अरे, तुझी ती पोस्ट आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलीय. बघितलंस का?" पोस्ट आदल्या रात्रीची असते. पार्किंगवरून भांडलेला शेजारी, उशिरा आलेला डिलिव्हरी बॉय, दुकानात उद्धट वाटलेली मुलगी, नाहीतर ऑफिसातलाच जुना साहेब. सोबत फोटो, नाव किंवा गाडीचा नंबर आणि शेवटी "याला व्हायरल करा". रात्रभर लोक व्हायरल करतातही. सकाळी वारं फिरतं. कुणीतरी विचारतं, त्या पोराचा पगार किती आणि तुझा किती? दुसरा कुणीतरी पोस्ट टाकणाऱ्याचं नाव लिंक्डइनवर शोधतो. पुढच्या कमेंटमध्ये कंपनीला टॅग केलेलं असतं. इथून प्रकरण चावडीवरून कचेरीत जातं.

कचेरीत काय होतं, ते इथे सांगायचं आहे. अशा चौकशांत कधी चौकशी अधिकारी, कधी कर्मचाऱ्याची बाजू मांडणारा बचाव सहायक म्हणून टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलं की काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. त्यातली सर्वांत ठळक ही की निव्वळ पोस्टसाठी बऱ्याचदा ताकीद मिळून भागलं असतं. नोकरी जाते ती पुढच्या ४८ तासांत केलेल्या उद्योगांनी आणि घाईत लिहिलेल्या पहिल्या उत्तराने.

तक्रार कंपनीत तीन वाटांनी येते. टॅग केलेली कमेंट आधी मार्केटिंगच्या सोशल मीडिया टीमला दिसते. ते लोक स्क्रीनशॉट काढून एचआरला पाठवतात आणि त्या पाठवण्यावर वेळ नोंदली जाते. दुसरी वाट एथिक्स किंवा व्हिसलब्लोअर मेलची, म्हणजे गैरप्रकार कळवायला कंपनीने ठेवलेल्या पत्त्याची. तिथे आलेल्या तक्रारीला क्रमांक पडतो, म्हणून ती फाईल कुणालाही गुपचूप बंद करता येत नाही. तिसरी वाट क्लायंटची आणि वजन सगळ्यात जास्त तिचंच. सेवा करारांत अमुक माणूस आमच्या प्रकल्पावर नको असं सांगण्याचा हक्क क्लायंटने बरेचदा राखून ठेवलेला असतो. असा मेल आला की माणूस आधी प्रकल्पातून निघतो, बेंचवर, म्हणजे प्रकल्पाविना बसलेल्यांत, येतो आणि चौकशी नंतर सुरू होते. त्यामुळे शिक्षा आधी, आरोप नंतर, असं उलटं चित्र दिसतं. कायद्याच्या भाषेत प्रकल्प बदलणं ही शिक्षा नसते. ज्याच्यावर येते त्याला मात्र ती तशीच लागते.

कंपनी काय तोलते हे समजायला २०१३ सालचं, अमेरिकेतल्या सँटा क्लारात भरलेल्या पायकॉन या प्रोग्रामरांच्या परिषदेतलं प्रकरण अजून उपयोगी पडतं. मागे बसलेल्या दोघा पुरुषांचे अश्लील विनोद ऐकून एका महिलेने त्यांचा फोटो ट्विटरवर टाकला. परिषदेच्या आयोजकांनी दखल घेतली. त्या दोघांपैकी एकाची प्लेहेवन या कंपनीतली नोकरी गेली. मग जमाव उलटला. त्या महिलेच्या कंपनीच्या, सेंडग्रिडच्या, सर्व्हरवर हल्ले झाले आणि काही दिवसांतच तिलाही काढण्यात आलं. तिला बलात्काराच्या आणि जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, तो भाग वेगळाच. सेंडग्रिडने जाहीर केलेलं कारण नीट वाचण्यासारखं होतं. तक्रार करण्याचा तिचा हक्क त्यांनी मान्य केला. आक्षेप होता जाहीर पाणउताऱ्यावर. डेव्हलपर मंडळींना जोडणं हेच तिचं काम असताना आता ते काम तिला परिणामकारकपणे करता येणार नाही, असं त्यांनी लिहिलं. आजही पत्रांतली वाक्यं याच वळणाची असतात. "तुम्ही वाईट वागलात" असं क्वचितच लिहिलेलं असतं. "या पदावर लागणारा विश्वास राहिला नाही" हे बहुधा असतं. म्हणून विक्री, ग्राहकसेवा, एचआर, शिक्षक, जनसंपर्क अशा माणसांशी थेट काम असलेल्या पदांवर तीच पोस्ट जास्त महागात पडते. बॅकएंडच्या प्रोग्रामरला ती तेवढी महाग पडत नाही.

आता पहिले तास. हात आपोआप डिलीटकडे जातो. थांबावं. आधी जपणूक, मग झाकणं, हा क्रम. संपूर्ण पोस्ट, तिच्याखालच्या कमेंट, आपण दिलेली उत्तरं, हे सगळं स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये घ्यावं. लिंक, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स या तिन्ही ठिकाणी स्वतःच्या खात्याची माहिती मागवून उतरवून घेता येते. ती फाईल यायला कधी काही मिनिटं, कधी दिवस लागतात, म्हणून मागणी लगेच नोंदवावी. त्यानंतर, जिथे तशी सोय असेल तिथे, पोस्ट आर्काइव्ह करावी किंवा फक्त स्वतःला दिसेल अशी ठेवावी. कारण साधं आहे. समोरच्याकडे कापलेला स्क्रीनशॉट असतोच. आपण दुसऱ्या कमेंटमध्ये "नंबर चुकून राहिला, काढतो" असं लिहिलं असेल, तर ते डिलीट केल्यावर आपल्याच हातून जातं. शिवाय वकिलाची नोटीस किंवा पोलिसांचं बोलावणं आल्यानंतर पुरावा होऊ नये म्हणून इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली स्वतंत्र गुन्हा होऊ शकतो. त्याला ३ वर्षांपर्यंत कैद आहे. मूळ बदनामीला कमाल २ वर्षं, म्हणजे आगीतून फुफाट्यात.

याच वेळात होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. पहिली, "माझं अकाउंट हॅक झालं होतं". चौकशीत सगळ्यात लवकर कोसळणारं वाक्य हे. लॉगिनची नोंद, त्याच वेळी त्याच फोनवरून केलेली दुसरी निरुपद्रवी पोस्ट, मित्राला दिलेलं "बघ कसा धुतला" हे उत्तर, यांतलं काहीतरी समोर येतं आणि मग पोस्टच्या आरोपात खोटं बोलण्याचा आरोप मिळतो. खरंच हॅक झालं असेल तर त्याच दिवशी सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार आणि प्लॅटफॉर्मला कळवल्याचा मेल हवा. चार दिवसांनी केलेली तक्रार कुणी मानत नाही. दुसरी चूक, ऑफिसच्या लॅपटॉपवरून साफसफाई करणं. ते यंत्र कंपनीचं आहे, त्यावरची हालचाल कंपनीला दिसते आणि "खासगी वेळेत, खासगी फोनवरून" हा आपला सगळ्यात चांगला मुद्दा तिथेच संपतो. तिसरी, पाणउतारा झालेल्या माणसाला फोन करून "मिटवून टाकू" म्हणणं. हेतू चांगला असला तरी तो फोन पुढे दबाव म्हणून सांगितला जातो. चौथी, मित्रांना बाजूने कमेंट करायला लावणं. त्यात एखादा सहकारी निघाला की त्याचीही फाईल उघडते.

माफी मागावी का, हा प्रश्न सगळे विचारतात. चूक उघड असेल तर मागावी, पण मजकूर वकिलाच्या नजरेखालून जाऊ द्यावा. माफी ही कबुलीही असते. तीन-चार वाक्यं पुरतात. काय टाकलं, त्यात काय चुकलं, ते काढलं आहे, पुन्हा होणार नाही. "कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर" हे शब्द टाकले की माफी गेली. राजकारण्यांनी ते इतके झिजवले आहेत की वाचणारा तिथेच हसतो. माफी त्याच खात्यावर आणि तितक्याच लोकांना दिसेल अशी हवी. चोवीस तासांत गायब होणाऱ्या स्टोरीत टाकलेली माफी चौकशीत कुणी धरत नाही. त्या माणसाचं नाव किंवा फोटो माफीत पुन्हा येता कामा नये. गंमत वाटेल, पण ही चूक बरेच जण करतात. माफी म्हणून जुनाच स्क्रीनशॉट जोडतात आणि पाणउतारा दुसऱ्यांदा करून बसतात.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एचआरचं बोलावणं येतं. "काही विशेष नाही, थोडं बोलायचंय." खोलीत दोघं-तिघं असतात आणि एकजण टिपणं घेत असतो. ही प्राथमिक माहिती घेण्याची बैठक, अजून औपचारिक चौकशी नाही. तरी इथे बोललेलं सगळं पुढच्या दोषारोपपत्रात उतरतं. शांतपणे विचारावं, ही बैठक कशासाठी आहे आणि याचा मेल मिळेल का? टिपणावर सही मागितली तर आधी वाचावं, चुकलेल्या ओळीजवळ पेनाने दुरुस्ती लिहावी, सहीखाली तारीख आणि वेळ घालावी. सही नाकारण्यापेक्षा "वाचले, परिच्छेद तीन अमान्य" असं लिहून केलेली सही जास्त कामाची. याच खोलीत कधीकधी राजीनाम्याचा कोरा मसुदा पुढे सरकवला जातो. "स्वतःहून दिलात तर रेकॉर्ड स्वच्छ राहील." हे काही वेळा खरंही असतं. पण त्याच बैठकीत, घशाला कोरड पडलेली असताना दिलेला राजीनामा नंतर जबरदस्तीचा होता हे सिद्ध करणं फार अवघड जातं. चोवीस तास मागावेत. राजीनामाच द्यायचा ठरला तर रिलीव्हिंग लेटरचा मजकूर, शेवटचा दिवस आणि नोटीस पिरियडचा पगार आधी मेलवर पक्का करून मगच द्यावा.

पुढची पायरी निलंबनाची. सगळ्यांवर येते असं नाही. साक्षीदार त्याच विभागातले असतील किंवा क्लायंट खवळलेला असेल तर येते. लॅपटॉप, ओळखपत्र, सिमकार्ड जमा करताना प्रत्येक वस्तूची पोच घ्यावी. हिशेब होताना चार्जरचे पैसे कापल्याची उदाहरणं कमी नाहीत. कामगार या व्याख्येत बसणाऱ्याला निलंबन काळात पहिले ९० दिवस वेतनाच्या ५० टक्के आणि चौकशी त्याच्या दोषाशिवाय लांबली तर पुढे ७५ टक्के निर्वाह भत्ता मिळतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत चौकशी साधारणपणे निलंबनापासून ९० दिवसांत पूर्ण करावी असंही म्हटलं आहे. व्यवस्थापकीय काम करणारे आणि दरमहा १८,००० रुपयांहून जास्त वेतनाचे पर्यवेक्षक या व्याख्येबाहेर राहतात. त्यांचं भवितव्य नेमणूकपत्रावर ठरतं. निलंबन काळात दुसरीकडे काम करू नये, फ्रीलान्सही नाही. भत्त्यासाठी तसं लिहून द्यावं लागतं आणि ते लिहिणं खोटं ठरलं तर मूळ प्रकरण बाजूला राहतं.

मग कारणे दाखवा नोटीस. मुदत ४८ तास, ७२ तास किंवा ७ दिवस. मुदतवाढ हवी तर पहिल्याच दिवशी कारणासह मागावी. शेवटच्या संध्याकाळी मागितलेली मुदत टाळाटाळ दिसते. त्याच मेलमध्ये कागद मागावेत. तक्रारीची प्रत, लिंक आणि वेळ दिसणारे मूळ स्क्रीनशॉट, आणि सोशल मीडिया धोरणाची जी आवृत्ती मोडली म्हणतात ती. ती आवृत्ती आपण कधी वाचल्याची नोंद आहे, तेही विचारावं. या शेवटच्या मागणीने पुष्कळदा कंपनीचीच पंचाईत होते. धोरण इंट्रानेटच्या कोपऱ्यात पडलेलं असतं, किंवा पोस्टनंतर सुधारून टाकलेलं असतं.

उत्तर दोन पानांच्या वर जाऊ नये. नोटिशीतल्या परिच्छेदांना त्याच क्रमाने उत्तर द्यावं. काय मान्य, काय अमान्य, आणि मान्य असलेल्या भागाबाबत काय केलं. पोस्ट खासगी वेळेत होती का, खात्याच्या परिचयात कंपनीचं नाव होतं का, समोरची व्यक्ती सहकारी, ग्राहक की पूर्णपणे तिऱ्हाईत, कंपनीची कुठली गोपनीय गोष्ट उघड झाली का, किती वेळात पोस्ट काढली, या पाच मुद्द्यांवर सगळं तोललं जातं. अभिव्यक्तीस्वातंत्र्यावरचे तीन परिच्छेद इथे कुणाला वाचवत नाहीत. "त्याने आधी शिवी दिली" हेही जपून लिहावं. पुरावा असेल तर एक ओळ पुरे, नसेल तर तो नवा आरोप ठरतो. सर्वांत वाईट उत्तर कोणतं, तर पोस्टमधलाच सूर घेऊन लिहिलेलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, हे चौकशी अधिकाऱ्याला पहिल्या पानावर कळतं.

ऑफिसच्या बाहेर, स्वतःच्या फोनवरून केलेलं वागणं कंपनीच्या अखत्यारीत येतं का? इथे अनेक घाईच्या कारवाया अडखळतात. १९८३ सालच्या ग्लॅक्सो लॅबोरेटरीज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्थायी आदेशांतले, म्हणजे कामगारांच्या सेवाशर्तींच्या नियमांतले, "आस्थापनेच्या आवारात किंवा आसपास" हे शब्द काटेकोर वाचले. ज्या वर्तनाला गैरवर्तन म्हणायचं ते आधी नोंदलेलं हवं आणि त्याचा कामाशी संबंध हवा. म्हणून "कंपनीची प्रतिमा मलीन केली" एवढंच लिहिलेलं दोषारोपपत्र कच्चं असतं. कोणतं कलम, कोणती पोस्ट, कोणत्या तारखेची, कंपनीशी धागा कोणता, हे त्यात लागतं. पण याचा अर्थ खासगी पोस्टला हातच लावता येत नाही असा घेऊ नये. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका कारखान्यातल्या कामगाराच्या प्रकरणात, व्यवस्थापनाविरुद्ध भडकावणारा फेसबुक मजकूर अभिव्यक्तीच्या नावाखाली चालवून घेता येणार नाही, असं म्हटलं. परक्या माणसाचा पाणउतारा आणि स्वतःच्याच व्यवस्थापनाविरुद्धचा मजकूर यांत फरक आहे. दोषारोपपत्र लिहिणारे तो बहुतेक वेळा विसरतात आणि बचावाने तो आठवून द्यायचा असतो. खासगी कंपनीतल्या व्यवस्थापकांना मात्र ही ढाल फारशी मिळत नाही. व्यक्तिगत सेवेचा करार न्यायालय सक्तीने पाळायला लावत नाही. नोकरी परत मिळण्याऐवजी भरपाई, आणि ती बहुधा नोटीस पिरियडच्या पगाराएवढीच.

चौकशीच्या बैठका रटाळ असतात आणि त्या रटाळपणातच प्रकरण जिंकलं-हरलं जातं. कंपनीची बाजू मांडणारा सादरकर्ता अधिकारी साक्षीदार आणतो, बचाव सहायक उलटतपास घेतो, कामकाजाचा रोजनामा लिहिला जातो आणि प्रत्येक पानावर सगळ्यांच्या सह्या होतात. उलटतपासाचे खरे प्रश्न तीनच. स्क्रीनशॉट कुणी, कोणत्या फोनवर, कधी काढला? पूर्ण धागा पाहिला की पाठवलेला तुकडा? खातं याच माणसाचं हे कशावरून? पुष्कळदा साक्षीदार मार्केटिंगमधला असतो आणि तो प्रामाणिकपणे सांगतो की त्याला चित्र व्हॉट्सअॅपवर आलं. अंतर्गत चौकशीत पुराव्याचे कडक नियम लागत नाहीत, शक्यतेचं पारडं पुरतं. पण तेच प्रकरण न्यायालयात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईलचा जणू अंगठ्याचा ठसा, नोंदवावी लागते. जुन्या कायद्यातल्या या प्रमाणपत्राची सक्ती पक्की झाली ती जालन्याच्या विधानसभा निवडणुकीवरून, अर्जुन खोतकर प्रकरणात, जुलै २०२० मध्ये. तेव्हा मूळ फोन विकून नवा घेण्याची हौस निकाल लागेपर्यंत आवरावी. हे दोन्ही बाजूंना लागू.

चौकशीचा अहवाल विरोधात गेला तर शिक्षेआधी त्याची प्रत मिळायलाच हवी. हे सर्वोच्च न्यायालयाने ईसीआयएल विरुद्ध करुणाकर या १९९३ च्या निकालात सांगितलं. त्यावर लिहिण्याची संधी ही केवळ उपचार समजू नये. आधीच्या नोकरीची वर्षं, निष्कलंक नोंद, लवकर काढलेली पोस्ट, मागितलेली माफी, हे सगळं इथे मांडायचं. पहिल्यांदाच घडलेल्या आणि शिवीगाळ, धमकी, जात-धर्म नसलेल्या प्रकरणात लेखी ताकीद किंवा वेतनवाढ रोखणं इथपर्यंत आणता येतं. बडतर्फी झाली तर ती गुन्ह्याच्या मानाने धक्कादायक आहे का, हा मुद्दा पुढच्या न्यायालयासाठी राहतो.

सरकारी कर्मचाऱ्यांचं गणित निराळं. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मध्ये शासकीय कर्मचाऱ्याला अशोभनीय ठरेल असं काही करू नये, अशी व्यापक तरतूद आहे, त्यामुळे "ऑफिसबाहेरचं" हा बचाव तोकडा पडतो. जुलै २०२५ च्या शासन निर्णयाने समाजमाध्यमांबाबत आणखी स्पष्ट केलं. वैयक्तिक आणि कार्यालयीन खातं वेगळं ठेवायचं, वैयक्तिक खात्यावर पदनाम, बोधचिन्ह, गणवेश, सरकारी वाहन वापरायचं नाही, मानहानीकारक किंवा भेदभाव करणारा मजकूर टाकायचा नाही. मोडलं तर शिस्त व अपील नियम, १९७९ लागतात. नियम १० खाली किरकोळ शिक्षेची छोटी प्रक्रिया, नियम ८ खाली जबर शिक्षेची पूर्ण विभागीय चौकशी. कोणत्या नियमाखाली ज्ञापन, म्हणजे आरोपाचं पत्र, आलं आहे हे पहिल्या ओळीत बघावं, उत्तराची तयारी त्यावर ठरते. निलंबनाच्या तीन महिन्यांत दोषारोपपत्र आलं नाही तर अजयकुमार चौधरी प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ चा निकाल दाखवता येतो. राज्यात त्याला अनुसरून ९ जुलै २०१९ चा शासन निर्णयही आहे. आणि एक पाऊल पुढचं, कर्मचारी ४८ तासांहून जास्त कोठडीत राहिला तर निलंबन आपोआप मानलं जातं.

कोठडीपर्यंत गोष्ट जाते का? निव्वळ बदनामीवर सहसा नाही. न्याय संहितेचं कलम ३५६ अदखलपात्र आहे. पोलीस एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, घेतात आणि तक्रारदाराला दंडाधिकाऱ्यांकडे जायला सांगतात. शिक्षा २ वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा. दिवाणी दाव्याची मुदत प्रसिद्धीपासून १ वर्ष. चित्र पालटतं ते पोस्टच्या मजकुराने. बाईच्या विनयशीलतेचा अपमान करणारे शब्द असतील तर कलम ७९, मजकूर अश्लील असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७, जातिवाचक असेल तर अॅट्रॉसिटी कायदा आणि त्यात अटकपूर्व जामिनाची वाट जवळपास बंद. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ अजूनही कुणी सांगितलं, तर तो मुद्दा लगेच वकिलाला कळवावा.

आता अवघड भाग. पाणउतारा झालेला माणूस खरोखरच दोषी असेल तर? लैंगिक छळाची तक्रार करणारी बाई आणि डिलिव्हरी बॉयचा फोटो टाकणारा ग्राहक यांना एकाच तागडीत घालणं हा अन्याय आहे, आणि कंपन्या तो करतात. १७ फेब्रुवारी २०२१ ला दिल्लीच्या न्यायालयाने माजी मंत्री एम. जे. अकबर यांनी केलेल्या फौजदारी बदनामीच्या खटल्यात, त्यांच्यावर लैंगिक छळाचा आरोप करणाऱ्या पत्रकार प्रिया रमाणी यांना निर्दोष सोडलं आणि बाईला आपली तक्रार हव्या त्या व्यासपीठावर, अगदी दशकांनंतरही मांडता येते, असं म्हटलं. तरी त्या निकालाला सव्वादोन वर्षांहून अधिक काळ लागला. उलट्या बाजूला, २०१५ मध्ये दिल्लीतल्याच एका सिग्नलवरच्या भांडणानंतर छेडछाडीच्या आरोपासह फेसबुकवर फोटो पडलेला तरुण २०१९ मध्ये निर्दोष ठरला. तोवर वाहिन्यांनी त्याला विकृत ठरवून टाकलेलं होतं. व्यवहाराचं सांगायचं तर, कंपनीतल्या लैंगिक छळविरोधी अंतर्गत समितीकडे तक्रार चालू असताना नावं जाहीर करणं टाळावं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचं कलम १६ तक्रारदार, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो आणि साक्षीदार या सगळ्यांची ओळख झाकतं. या कलमामुळे खरी तक्रार असलेली बाईच कधीकधी शिस्तभंगाच्या नोटिशीत अडकते. समितीकडे ३ महिन्यांत लेखी तक्रार, सबळ कारण असेल तर आणखी ३ महिने मुदतवाढ. ती तक्रार आधी नोंदलेली असेल तर पोस्टवरून आलेली नोटीस सूड म्हणून दाखवता येते. नंतर नोंदवली तर सूडाचा शिक्का तिच्यावर बसतो. क्रम महत्त्वाचा.

नोकरी गेलीच तर कागद आणि पैसे. भविष्यनिर्वाह निधी कंपनीला अडवता येत नाही. ग्रॅच्युइटी जप्त करायला कायद्यातली मोजकी कारणं लागतात. नोव्हेंबर २०२५ पर्यंत ती १९७२ च्या कायद्याच्या कलम ४(६) मध्ये होती, आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहेत. मालमत्तेचं नुकसान, दंगा-हिंसा, किंवा नोकरीच्या ओघात केलेला नैतिक अधःपतनाचा गुन्हा. पाणउताऱ्याची पोस्ट त्यात बसवणं कठीण, म्हणून "बडतर्फ झालात, ग्रॅच्युइटी नाही" असं तोंडी सांगितलं तर लेखी मागावं. अमेरिकेत एच-१बी या कामाच्या व्हिसावर असलेल्यांना नोकरी सुटल्यावर तिथे राहायला जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत असते. त्यांनी पुढच्या नोकरीची अर्जपत्रं चौकशीच्या निकालाची वाट न पाहता तयार ठेवावीत.

नवीन नोकरीच्या पार्श्वभूमी तपासणीत एजन्सी जुन्या एचआरला साधारण चार गोष्टी विचारते. तारखा, पद, कोणत्या प्रकारे नोकरी सुटली, आणि पुन्हा घ्याल का. शेवटच्या चौकटीतली "नाही" पुष्कळांना महिनोन्महिने कळतही नाही. निघताना वाटाघाट करायची असेल ती या चौकटीची, अनुभवपत्रातल्या गोड शब्दांची नाही. "फक्त तारखा आणि पद कळवू" असं एचआरकडून मेलवर घ्यावं. अर्जात "कधी शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का" असा रकाना असेल तर खरं, दोन ओळींत लिहावं, वर्ष आणि निकालासह. रकाना नसेल तर आपण होऊन पुराण सांगायची गरज नाही. आणि लिंक्डइनवर "नव्या सुरुवातीबद्दल" लिहिण्याआधी जुन्या सगळ्या खात्यांवरची सार्वजनिक उत्तरं, दुसऱ्यांच्या पोस्टखालच्या कमेंटसुद्धा, एकदा स्वतः शोधून वाचावीत. नव्या कंपनीचा एचआर तेच करणार आहे, आणि त्याला बहुधा दुपारभराचा वेळ असतो.